ढोलीत मोठा केसाळ कोळी, तातडीने मदत हवी

घाटवाट: मंडळी, पटकन सांगा. झाड कापायचंय आणि ढोलीत भलामोठा केसाळ कोळी बसलाय. कटरवाला मशीन खाली ठेवून विडी ओढतोय. काय फवारू?

पानगळ: गाव कुठलं? झाड कसलं, उभं की पडलेलं? फोटो टाका.

सोप्पा_उपाय: वाटीभर रॉकेल ओता, विषय संपला. आमच्याकडे हेच करतात.

रात्रकिडा: काहीही ओतू नका! पुढच्या पायांची खालची बाजू पिवळी आहे का?

घाटवाट: हो, काडी दाखवली तर पुढचे पाय वर करून उभा राहिला, खालून पिवळाधमक. वरून राखाडी नक्षी. आंबोलीजवळ, वाऱ्याने पडलेला जुना ऐन. आत बारकी पिल्लंही दिसतात.

पानगळ: हे आधी सांगायचं ना!

माळावरचा: घरातला चपटा कोळी असेल. झुरळं खातो, माणसाला फारसा धोका नाही.

रात्रकिडा: चपटा कोळी सहसा असा उभा राहत नाही. हा झाडावरचा टॅरंटुला दिसतोय, बहुतेक पोइसिलोथेरिया रेगॅलिस. जुन्या झाडाची ढोली हेच त्याचं घर, पिल्लंही बराच काळ आईजवळ राहतात. चावला तर मरत नाही कोणी, पण स्नायूंना जबर पेटके येतात. हात घालू नका.

आजीचा_बटवा: कोळी अंगावर मुतला की नागीण उठते. कडुनिंबाचा पाला वाटून लावा.

पानगळ: नागीण विषाणूमुळे होते हो. आणि विचारलंय कोणी?

रुळावरून: याचा निळा भाऊबंद आंध्रात गुटीला रेल्वेच्या लाकूड डेपोत सापडला होता, 1899 मध्ये नाव मिळालं. पुढे थेट 2001 मध्ये दिसला, तोही तिथून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याल-गिड्डलूरच्या जंगलात. लाकडाबरोबर रेल्वेने गुटीला आला असावा म्हणतात. आता अतिसंकटग्रस्त आहे.

सोप्पा_उपाय: निळा मिळाला तर पाळायला भारी.

रात्रकिडा: भारी कसला! या चोरट्या व्यापारामुळेच 2019 मध्ये पोइसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेल्या. घाटवाट, ढोलीचा तुकडा अखंड ठेवून बाकीचं कापा. तो ओंडका राईत एखाद्या मोठ्या झाडाला टेकवून उभा करा, तोंड वर.

घाटवाट: कटरवाला तयार आहे. पण ढोली आत कुठवर गेलीय ते कसं कळणार?

रात्रकिडा: कोयत्याच्या मागच्या बाजूने ठोकत जा. पोकळ आवाज थांबेल त्याच्या हातभर पुढे कापा. दुसऱ्या टोकालाही तसंच.

माळावरचा: बाकीचा ऐन विकणार का? दाराच्या चौकटीला हवाय. भाव व्यक्तिगत निरोपातून कळवा.