३८२ घ्यावी की ३७२ एक्सपी? की ३६५ मध्येच भागते? (चेनसॉ मशीन, बाभूळ-सागवान कटाईसाठी)

घाटंजीवाला

नमस्कार भाऊ लोकहो. मी घाटंजीकडचा, जिल्हा यवतमाळ. सहा वर्षं झाली, धुऱ्यावरच्या बाभळी, कडुलिंब, वादळात पडलेली चिंच, आंबा असं तोडून आरागिरणीत पोचवायचं काम करतो. हिवाळ्यात मालकी सागवान येते. परवानगी, हॅमर (लाकडावरचा वनखात्याचा शिक्का), टीपी (वाहतुकीचा पास) हे सारं ठेकेदार पाहतो, म्हणून त्यावर भाषण नको. मशीन मी चालवतो, हाताखाली दोन पोट्टे आहेत.

पहिली मशीन स्वस्तातली घेतली होती. डब्यावर मोठ्या अक्षरात ५८ सीसी. दोन वर्षं बाभळीत कशीबशी ओढली, दिवाळीनंतर पिस्टन चिकटला. अर्धी चूक माझीच. ऑइल मिसळलेलं पेट्रोल आणि गाडीचं साधं पेट्रोल, दोन्ही एकसारख्या कॅनमध्ये ठेवत होतो. एका पोट्ट्यानं साधं टाकलं. चालू मशीन एकदम आवळली आणि बंद, मंग दोरी ओढाले गेलो तं दोरीच हलेना.

आता एकदाच चांगली घ्यायची आहे. तीन डोक्यात आहेत. कागदावरचे आकडे उतरवून आणले, वजन पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) आणि चेन सोडून आहे:

स्टिल एमएस ३८२: ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो.
हस्कवर्ना ३७२ एक्सपी, एक्स-टॉर्कवाली (कंपनीचं कमी धुराचं इंजिन): ७०.७ सीसी, ४.१ किलोवॅट, ६.६ किलो.
हस्कवर्ना ३६५, तीही एक्स-टॉर्क: ७०.७ सीसी, ३.६ किलोवॅट, ६.४ किलो.

माझं डोकं इथंच फिरून राहिलं. ३६५ आणि ३७२ चे सीसी एकच, तं पॉवर अर्धा किलोवॅट कमी-जास्त कशी? आणि ३८२ चे सीसी जास्त असून ती ३७२ च्या मागे काहून? हे ०.२ वाळलेल्या बाभळीत हाताले समजते का, की फक्त दुकानदाराच्या तोंडात राहते? पट्टी २० इंची वापरीन. चिंचेच्या बुडासाठी वर्षातून चार-पाच वेळा २४ इंची लागते.

ज्यानं दोन्ही हातात धरल्या त्यानंच सांगावं. व्हिडिओ मी पण पाहिले आहेत.

आर्वीचा भाऊ

मी दोन्ही धरल्या नाहीत, तरी सांगतो. कोणत्या मशीनची स्टार्टरची दोरी, ऑइल पंप आणि क्लचचा ड्रम तुमच्यापासून ३० किलोमीटरच्या आत मिळते ते पाहा आणि ती घ्या. एका साध्या रबरी नळीसाठी माझी मशीन सागवानाच्या ऐन हंगामात १९ दिवस पोत्यात पडून होती. तिच्यात किती किलोवॅट आहेत हे मले त्या १९ दिवसांत कोणी विचारलं नाही.

वणीचा मिस्त्री

घाटंजीवाले, पहिले तुह्या जुन्या मशीनचा हिशेब करू, मंग नव्या मशीनीवर येऊ. तिचं सिलिंडर फेकलं नसशीन त व्हर्निअरनं मोज. तसल्या डब्यावर ५८ लिहिलेल्या मशीनी मी बम खोलल्या. एकीत बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) ४५ मिलिमीटर निघाला, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३२. आता अर्धा बोअर २.२५ सेंटिमीटर. त्याले त्यानंच गुण, मंग ३.१४ नं, मंग स्ट्रोक ३.२ नं. ५१ च्या आत-बाहेर येते. बाकीचे सात सीसी स्टिकरवर होते.

तुह्या तिन्ही मशीनीत तसं नाई. ३८२ चा बोअर ५२, स्ट्रोक ३४, करून पाह्य, ७२.२ येते. ३६५ आणि ३७२ दोघीचा बोअर ५०, स्ट्रोक ३६, म्हणून ७०.७. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. ३६५ चा फक्त गळा आवळलेला आहे. क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या पेटीतून) मिश्रण वर सिलिंडरात जाते ते बाजूचे रस्ते तिच्यात मुद्दाम तंग ठेवले, म्हणून तिचा श्वास वरच्या फेऱ्यांत पुरत नाई. सीसी म्हणजे पोट किती मोठं. पॉवर म्हणजे त्या पोटात मिनिटाले किती वेळा भरून जाते आणि किती सफाईनं बाहीर निघते. ३७२ थोड्या लहान पोटात जास्त वेळा भरते, एवढंच. तुह्या पहिल्या दोन्ही प्रश्नाचं उत्तर हेच.

आता तिसरा. कागदावरची पॉवर मोजतात मिनिटाले नऊ-साडेनऊ हजार फेऱ्यांच्या आसपास. बाभळीत तू मशीन दाबली की फेरे तिथं राहत नाईत. ते सहा-सात हजारावर आले की तो ३.९ न् ४.१ चा कागद तुह्या कामाचा नाई. ज्याले दाबायची सवय आहे त्याले कोणतीच मशीन पुरत नाई. दाबायचं काहून, त चेन बोथट असते म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात दोन्ही एकाच दिवशी माह्या दुकानात आल्या. ३८२ एका गिरणीवाल्याची, ३७२ एका ठेकेदाराची. दोघीले २० इंची पट्टी, ७२ लिंकची चेन. दुकानामागं वाळलेल्या बाभळीचा ओंडका पडला होता, सोळा इंच जाड, आत लाल. पोट्ट्याले म्हटलं मोबाइलचं घड्याळ लाव.

जशा आल्या तशा चालवल्या. ३७२ नं १९ सेकंदात चकती पाडली. ३८२ ले ४१ लागले, वरून धूर, आणि चकतीचं तोंड काळं पडलं. गिरणीवाला म्हणे, ‘पाहा, मी म्हणतच होतो मशीन कमजोर आहे.’ मी काईच बोललो नाई. त्याच्या चेनीवर बोट फिरवून दाखवलं, दाताचं टोक आरशासारखं चमकत होतं. धारीवर उजेड चमकला की धार गेली समजा. जमिनीले टेकवून कापलेली चेन होती, आपल्या काळ्या मातीत ते दोन मिनिटांत होते.

दोन्ही चेनीले कानस मारली, रेकर (दातापुढचा उंचवटा) दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणले. मंग ३८२ ले १६, ३७२ ले १५. मी म्हटलं आता हात बदलू. पोट्ट्यानं ३८२ धरली, त्याचे १५ आले. मी ३७२ धरली त मले १७ लागले, मी म्हातारा झालो म्हणून. पाच-पाच वेळा केलं. कोणती जिंकली हे मले आजही सांगता येत नाई. पण त्याच ३८२ नं धारीवर २५ सेकंद वाचवले.

भुसा पाहत जा. पोह्यासारखा पडला त चेन कापून राहिली. पिठासारखा पडला त चेन घासून राहिली. सागवानात हे लवकर होते, त्याच्या लाकडातच सिलिका असते, रेतीचाच प्रकार. नुसतं मऊ लागते म्हणून लोक फसतात. बाभळीपेक्षा सागवानात मी कानस जास्तीची मारायला लावतो.

कानसही दोघीची सारखी नाई. ३/८ ची (कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) चेन असली तरी स्टिलवाले ५.२ मिलिमीटरची सांगतात, हस्कवर्नावाले ५.५ ची. आणि चेन उसनी घेताना पाह्यजो. स्टिलची पट्टी बहुतेक १.६ मिलिमीटर खाचेची येते, हस्कवर्नाची १.५ ची. १.६ ची चेन तिकडे शिरतच नाई. १.५ ची इकडे शिरते, पण डुलते आणि पट्टीचे काठ खाते.

घाटंजीवाला

मिस्त्रीकाका, सिलिंडर मोजलं. बोअर ४५, स्ट्रोक ३२. तुमच्यावालीची जुळी बहीण निघाली. घरचे हसून राहिले.

अजून एक. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आहे. याच्यानं काही होते का? आणि पट्टीले मी गॅरेजचं जळकं ऑइल टाकतो, सारेच टाकतात.

वणीचा मिस्त्री

होते. या तिन्हीचा कार्बोरेटर स्क्रूनं सेट होणारा आहे, आपोआप जुळवणारा नाई. स्टिलच्या पुस्तकात तर हाताच्या कार्बोरेटरवाल्या मशीनीले १० टक्क्याच्या वर इथेनॉल नको असं लिहिलेलंच आहे. पण पंपावर दुसरं कुठून आणशीन? इथेनॉलनं मिश्रण पातळ पडते, मशीन वरच्या फेऱ्यांत ओरडते आणि गरम होते. लोकांले वाटते, वा, काय पळून राहिली! तीच मशीन महिन्यानं माह्याकडे येते, पिस्टनवर उभ्या रेघा घेऊन. एच स्क्रू (वरच्या फेऱ्यांत पेट्रोल किती जाईल ते ठरवते तो) जरासा सैल करून घे, जाणकाराकडून, कानानं नाई, टॅकोमीटरनं (फेरे मोजायच्या यंत्रानं). मिसळलेलं पेट्रोल पाऊसभर ठेवू नको, इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. आठ-पंधरा दिवस काम नसलं की टाकी रिकामी कर आणि मशीन आपोआप बंद पडतपर्यंत चालव.

माप, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असलं त ५ लिटरले १०० मिली. ‘थोडं जास्तीचं टाकलं की बरं’ असं करू नको, कार्बन धरते.

जळक्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा असतो. पट्टीच्या खाचेत तू स्वतःच रेती घालून राहिला. मंग म्हणतो पट्टी सहा महिन्यात गेली.

वरूडचा संत्रावाला

मिस्त्रीकाकांच्या विरोधात जायची हिंमत नाही, पण ३६५ ला कोणी विचारतच नाही म्हणून लिहून राहिलो.

आमच्याकडे डिंक्यानं (बुंध्यातून डिंक गळायच्या रोगानं) गेलेल्या संत्र्याच्या बागा काढायचं काम असते. एका वावरात चार-चारशे झाडं, बुंधा आठ-दहा इंच, आणि सारं जमिनीच्या हातभर वर. दिवसभर कमरेत वाकून. तिथं ३७२ म्हणजे शिक्षा आहे. मी ५० सीसीची एमएस २६१ वापरतो, ३ किलोवॅट, ४.९ किलो. किलोमागे किती पॉवर ते काढून पाहिलं. २६१ ची ०.६१ येते, ३८२ ची ०.६३, ३७२ ची ०.६२. म्हणजे तिघी एकाच मापाच्या, फक्त आकार वेगळा. ३६५ ची ०.५६ येते. कागदावर ती मागे आहे हे खरं.

पण माझ्या साळ्याकडे ३६५ आहे, अचलपूरकडे चिंच आणि कडुलिंबाचं काम करतो. १८ इंची पट्टी लावतो. त्या पट्टीवर त्यानं कधी मशीन अडकलेली पाहिली नाही, आणि पेट्रोलही बेतानं पिते म्हणतो. २४ इंची लावली की मात्र ३६५ चा दम जातो. घाटंजीवाल्यांना वर्षातून चार वेळाच २४ लागते, तर त्या चार वेळा मशीन भाड्यानं आणा. बाकी वर्षभर कमी पैशात काम होते. पैसे वाचले तर एक हेल्मेट आणि मांडीचं संरक्षण घ्या. आमच्याकडे एका गड्यानं पट्टीचं टोक दुसऱ्या ओंडक्याला लावलं, मशीन उसळून अंगावर आली. चेन-ब्रेक होता म्हणून फक्त शर्ट गेला.

वणीचा मिस्त्री

वरूडवाले, विरोध कायचा, बरोबर आहे तुमचं. माह्यं एवढंच म्हणणं की ३६५ घेऊन तिचे रस्ते मोकळे करून ३७२ बनवाले कोणी माह्याकडे येऊ नये. दर दिवाळीले दोन तरी येतात. करता येते, पण मंग तिची वॉरंटी मले विचारू नका.

घाटंजीवाला

सारं वाचून शनिवारी यवतमाळात जाऊन आलो. दुकानात ३७२ होती, पण तिची चेन आणि ड्रम ‘मागवून देतो’ म्हणाले. ३८२ चं सामान पारवा रोडवर आमच्या ओळखीच्याकडे कपाटात पडलेलं आहे, ३/८ ची चेन रिळातून कापून देतो. आर्वीच्या भावाचे १९ दिवस आठवले. ३८२ घेतली.

पहिल्या दिवशी कुऱ्हाडीनं सालीवरची माती खरवडून मंगच बाभूळ कापली, ओंडक्याखाली दोन फाटे टाकून, जमिनीपासून वर. भुसा अगदी जाड पोह्यासारखा. दुपारी एक टाकी संपली आणि कानस शोधली, तं जुनी ४.८ ची निघाली, मागच्या मशीनची. ती चालणार नाही ना? ५.२ ची कुठं मिळते?

कॅन आता दोन रंगांचे आहेत.

वणीचा मिस्त्री

४.८ ची .३२५ इंचाच्या, म्हणजे बारक्या मापाच्या चेनीले असते, या चेनीले लावू नको, दाताचा गळा बारका होते. ५.२ माह्याकडे आहे. बाजाराच्या दिवशी ये, आणि येताना तो चिकटलेला पिस्टन घेऊन ये. माह्या पोट्ट्यांले दाखवाले पाह्यजे.