अर्थिंगचा जोड: सोल्डरवर भिस्त नको
अँटेनाच्या अर्थिंगच्या (वीज जमिनीत उतरवणाऱ्या) तारेबद्दल 'सोल्डर भरपूर भरलं की जोड कायमचा' असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. ६०/४० सोल्डर (तारा जोडायचा मिश्रधातू: ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतं. विजेचा लोळ अँटेनातून उतरला तर नेमका तोच जोड सुटायचा. तार आधी क्लॅम्पने घट्ट आवळलेलीच हवी. जमिनीखालच्या जोडाला तर एक्झोथर्मिक वेल्डिंगच उत्तम: कॉपर ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड पेटवली की वितळलेलं तांबं तार आणि जमिनीत ठोकलेला रॉड एकजीव करतं.

खाऱ्या हवेचं मात्र कुणी बोलत नाही. आमच्या दादरच्या गच्चीवर तांब्याची तार थेट गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपला आवळलेली होती. वरून ठणठणीत, क्लॅम्प उघडला तर आत पांढरी भुकटी! तांब्याशेजारी जस्त आधी झिजतं, मग लोखंड गंजतं. मध्ये कलई केलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) किंवा स्टेनलेसचा वॉशर घाला, आणि पावसाळ्याआधी जोड उघडून बघाच.