मदत हवी आहे : १७.३ इंची लॅपटॉपचा उजवा हिंज (बिजागरी) झाकणातून उखडतोय, पडदाही लुकलुकतो

रुंदपडदा

लॅपटॉप १७.३ इंची, फुल एचडी, पडद्याचं पॅनेल १४४ हर्ट्झचं (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारं). वजन चार्जर सोडून २.७ किलो. वॉरंटी संपलेली आहे. ऑटोकॅड आणि लांबलचक एक्सेल शीट यांसाठी वापर असल्याने लहान पडद्यावर जायचं नाही, हाच चालू ठेवायचा आहे.

झाकण उघडताना उजव्या खालच्या कोपऱ्यात बेझल (पडद्याभोवतीची चौकट) आणि मागचं कव्हर यांच्यात ३-४ मिमी फट पडते आणि कट् असा आवाज येतो. डावी बाजू घट्ट आहे. दुसरं म्हणजे झाकण साधारण ९० अंशांच्या पुढे गेलं की पडदा लुकलुकतो, मागे घेतलं की थांबतो.

प्रश्न तीन. नुसता हिंज बदलून भागेल का? एम-सील लावावं की अराल्डाइट? आणि लुकलुकणं हे पॅनेल गेल्याचं लक्षण आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

पेचकस

सगळ्यात आधी, झाकण उघडझाप करणं आजपासून बंद करा. आत्ता ते ज्या कोनात आहे तिथेच राहू द्या आणि तोवर एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर जोडून काम करा. प्रत्येक वेळी तो कट् आवाज येतो तेव्हा आतलं प्लॅस्टिक आणखी थोडं तुटत असतं. आज एक खुंट गेला असेल, तर आठवड्यात तीन जातील.

आता हिंज बदलून भागेल का, याबद्दल. बहुतेक वेळा हिंज मोडलेलाच नसतो. तो पोलादी असतो, त्याला काही होत नाही. मोडतं ते त्याला धरून ठेवणारं प्लॅस्टिक. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे छोटे खुंट असतात, प्रत्येक खुंटात एक पितळी नट गरम करून बसवलेला असतो आणि हिंजचे स्क्रू त्या नटांत जातात. हिंज घट्ट झाला की झाकण उघडताना लागणारा सगळा जोर या दोन-तीन मिमीच्या खुंटांवर येतो आणि नट प्लॅस्टिकसकट उपटून निघतात. नवा हिंज आणलात तरी तो कशात बसवणार? खुंट आधी उभे करावे लागतील.

मोठ्या पडद्याला हे जास्त का होतं, तेही समजून घ्या. १४ इंची पॅनेल सुमारे १७.४ सेंमी उंच असतं, १७.३ इंची २१.५ सेंमी. क्षेत्रफळ दीडपट, म्हणजे जाडी तीच धरली तर वजनही तेवढंच वाढतं, शिवाय त्या वजनाचा मध्य हिंजपासून आणखी लांब जातो. दोन्हीचा गुणाकार केला तर हिंजवर येणारा पीळ १.९ पटीच्या आसपास जातो. झाकण पडू नये म्हणून कंपनी हिंज तितकाच आवळून देते. खुंट मात्र त्या प्रमाणात मोठे केलेले नसतात. हा रचनेतलाच दोष आहे, तुमच्या वापराचा नव्हे. फक्त एका कोपऱ्याला धरून झाकण उचलायची सवय असेल तर सगळा पीळ एकाच हिंजवर जातो, एवढं लक्षात ठेवा.

तांबडीतार

पेचकस यांच्याशी सहमत. त्यात भर एवढीच, की फट कुठे पडते त्यावरून बाहेरच्या कवचाचा कुठला भाग फाटलाय ते कळतं. दुकानात या भागांना ए, बी, सी, डी म्हणतात: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे बेझल, सी म्हणजे कीबोर्ड-टचपॅडची बाजू, डी म्हणजे तळ. तुमची फट ए आणि बी यांच्यात आहे, म्हणजे खुंट झाकणातले गेलेत. हे त्यातल्या त्यात सोपं. सी आणि डी यांच्यात फट असती तर आधी बॅटरी फुगली आहे का ते पाहावं लागलं असतं (काचेच्या टेबलावर ठेवून लॅपटॉप डुगडुगतो का, टचपॅड वर आलाय का). शिवाय बऱ्याच मॉडेलांत कीबोर्ड सी पॅनेलला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी पक्का केलेला असतो, त्यामुळे सी पॅनेल बदलणं म्हणजे कीबोर्डही बदलणं.

लुकलुकण्याबद्दल: कोन बदलल्यावर सुरू होतं आणि थांबतं, म्हणजे पॅनेलपेक्षा केबलवर संशय जातो. पॅनेलकडे चित्र नेणारी केबल (तिला ईडीपी म्हणतात) हिंजजवळूनच वळून वर जाते. हिंज जागेवरून सरकला की ती चिमटीत सापडते. खात्री करायची तर बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र स्थिर आणि आतल्या पडद्यावरच कोनाप्रमाणे लुकलुक, तर ग्राफिक्स चिप ठीक आहे. पडद्यावर उभ्या रेघा असत्या आणि कुठल्याही कोनात गेल्या नसत्या, तर पॅनेलवर संशय घेता आला असता.

घडीवनीट

पूर्ण डिस्प्ले असेंब्ली बदलणं सर्वांत निर्धोक. वरचं सगळं एकत्र येतं: ए, बी, पॅनेल, हिंज, केबल, कॅमेरा, वायफायच्या अँटेना. मॉडेलचा नेमका पार्ट नंबर मिळत असेल तर तोच मार्ग घ्या. नाहीतर एम-सीलने भरून टाका, दगडासारखं होतं.

पेचकस

असेंब्ली बदलणं चूक नाही, पण पॅनेल धडधाकट असताना केवळ प्लॅस्टिकच्या तीन खुंटांसाठी ते फेकून देणं पटत नाही. आणि नव्या असेंब्लीतही तोच घट्ट हिंज आणि तेच खुंट असणार.

एम-सील मात्र नको. ते कठीण होतं हे खरं, पण ते कणकेसारखं असल्याने गुळगुळीत प्लॅस्टिकला नीट भिजवत नाही, नुसतं वर बसतं. चार-सहा महिन्यांत अख्खा गोळा सुटून निघायची भीती. पातळ दोन-नळ्यांचं एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं चिकटद्रव्य) प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत शिरतं, म्हणून पकड येते. अराल्डाइटचं हळू वाळणारं घ्या, पाच मिनिटांवालं नको. झटपट वाळणारं तुलनेने कमी ताकदीचं असतं आणि उष्णतेत लवकर मऊ पडतं. मोठ्या लॅपटॉपची गरम हवा बहुधा मागून, हिंजच्या शेजारूनच बाहेर पडते.

फेविक्विक आणि खाण्याचा सोडा हा उपायही लोक सांगतात. तो लगेच कडक होतो, पण ठिसूळ. धक्क्याला तडकतो आणि वाळताना निघणाऱ्या वाफेने बेझलवर, पडद्याच्या कडेला पांढुरका थर बसतो.

बेझल काढून आत काय आहे ते सांगा: किती स्क्रू, किती नट निघालेत, हिंजच्या दांड्याला टोकाशी नट आहे का, आणि झाकण प्लॅस्टिकचं आहे की धातूचं.

रुंदपडदा

बेझल काढलं. झाकण प्लॅस्टिकचं आहे. उजव्या हिंजला ५ स्क्रू. त्यातले खालचे ३ नट स्क्रूला चिकटूनच बाहेर आलेत, भोवती प्लॅस्टिकच्या कड्या तुटून लटकताहेत. वरचे २ पक्के आहेत. दांड्याच्या टोकाला नट आणि वॉशरची चळत दिसते. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्थिर आहे.

पेचकस

उत्तम, म्हणजे दुरुस्त होण्यासारखं आहे. टोकाला नट आहे ही चांगली गोष्ट. काही हिंजांत पोलादी पट्टी दांड्याभोवती गुंडाळलेली असते, तिथे सैल करायला काहीच नसतं आणि हिंज बदलावाच लागतो.

बंद करा, चार्जर काढा, तळाचं डी पॅनेल उघडून बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा आणि मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. हे टाळू नका. पडद्याच्या केबलमधूनच बॅकलाइटचा (पडद्यामागच्या उजेडाचा) वीजपुरवठा जातो. बॅटरी जोडलेली असताना तो कनेक्टर तिरका निघाला तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो आणि मग चित्र येतं पण अंधारात. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवा.

मग पॅनेल. १४४ हर्ट्झची बरीच पॅनेलं स्क्रूवर नसतात, दोन्ही कडांना ताणून निघणाऱ्या चिकटपट्ट्या असतात. पट्टीचं टोक चिमट्याने धरून पॅनेलला जवळजवळ समांतर, हळूहळू ओढा. झटका दिला की ती तुटते. तुटली तर पॅनेल उचकटू नका. मासेमारीचा बारीक दोरा मागून सरकवून चिकट कापा. १७ इंची काच हातात लवते, ती दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना धरूनच उचलायची.

आता हिंज सोडवा आणि नट सैल करा. आधी नट आणि दांडा यांवर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे किती फिरवलं ते दिसेल. एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा, मग हाताने हलवून पाहायचं. उजवा हिंज डाव्याइतकाच जड लागला की थांबा. दोन्ही फार जड असतील तर दोन्ही सारखेच सैल करा. जास्त सैल केला तर झाकण मागे पडेल. दांड्यावर लिथियम ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो पसरून केबल आणि पॅनेलपर्यंत जातो.

तांबडीतार

खुंट उभारण्याची रीत मी सांगतो, कारण इथे घाई केली की सगळं वाया जातं.

सोल्डरिंग गनने नट तापवून पुन्हा बसवायची कल्पना सी पॅनेलला चालते, तिथे प्लॅस्टिक जाड असतं. झाकणाला नाही. त्याची भिंत पातळ असते, बाहेरून डाग किंवा फुगवटा उठतो.

नटांच्या बाहेरच्या खाचांत अडकलेलं जुनं प्लॅस्टिक सुईने कोरून काढा. झाकणातली जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, चमक पूर्ण गेली पाहिजे. खुंटाएवढीच नाही, भोवती १०-१२ मिमी. पकड पृष्ठभागावर असते, त्यामुळे पाया रुंद हवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, एबीएस प्लॅस्टिक विरघळतं.

तिन्ही नट हिंजलाच स्क्रूने लावून ठेवा, म्हणजे जागा आपोआप नेमकी येते. स्क्रूच्या आट्यांना आणि हिंजच्या पट्टीच्या खालच्या बाजूला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, नाहीतर सगळं एकजीव होऊन पुढे कधीच उघडणार नाही. तेच व्हॅसलिन खरवडलेल्या प्लॅस्टिकला लागलं तर एपॉक्सी धरणार नाही. म्हणून हे काम झाकणापासून दूर, वेगळ्या कागदावर करा आणि बोटं पुसून मगच पुढे जा.

एपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घ्या, वाटाण्याएवढा गोळा पुष्कळ होतो. काडीने ३ मिनिटं तरी ढवळा. रंग एकसारखा झाला तरी आणखी थोडं. अर्धवट मिसळलेलं एपॉक्सी कितीही दिवस ठेवलं तरी चिकटच राहतं. आधी झाकणावर पातळ थर चोळा, त्यावर हिंज बसवून वरचे दोन पक्के स्क्रू लावा, मग टाचणीने नटांच्या भोवती भरत जा. उंची नटाच्या कडेच्या वर जाऊ देऊ नका. फुगवटा राहिला तर तो पॅनेलला मागून दाबेल आणि पडद्यावर कायमचा पांढरा ठिपका उमटेल. झाकण सपाट ठेवून २४ तास हात लावायचा नाही. पावसाळी, थंड हवेत ३६ तास धरा.

वाळल्यावर ते तीन स्क्रू एकदा पूर्ण काढून पुन्हा लावून पाहा. सहज फिरले पाहिजेत.

घडीवनीट

एम-सीलबद्दलचा मुद्दा पटला. एक शंका: हेही सुटलं तर?

तांबडीतार

मग आरपार. झाकणाला बाहेरून २ मिमीचं भोक, सपाट डोक्याचा एम-२ (२ मिमी जाडीचा) स्क्रू, बाहेरून पातळ वॉशर, आतून नट. बाहेरून तीन ठिपके दिसतात, पण सुटायचं नाव नाही. स्क्रूची लांबी मोजून घ्या. आत अर्धा मिमी जास्त आला तरी पॅनेलला टोचतो.

रुंदपडदा

केबल तपासली. वळणाच्या जागी काळं आवरण फाटलंय आणि आतल्या दोन-तीन तारा उघड्या दिसतात. टेप गुंडाळून चालेल का? आणि नवी घ्यायची तर मॉडेल नंबर सांगून मिळेल?

पेचकस

टेप नको. त्या तारा केसाएवढ्या असतात. तुटल्या नसल्या तरी टेपने तिथे केबल जाड होते आणि पुन्हा चेमटते. मॉडेल नंबर सांगूनही मागू नका. एकाच मॉडेलमध्ये ६० हर्ट्झला ३० पिनांची आणि १४४ हर्ट्झला ४० पिनांची केबल असू शकते, आणि दोन्ही दिसायला सारख्या. केबलवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि पॅनेलच्या पाठीवरचा नंबर, दोन्हींचे फोटो घेऊन जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग मिळतात. विकत घेण्याआधी दुकानातच पिना मोजा.

बसवताना केबल हिंजच्या बाहेरून नव्हे, मूळ खाचेतूनच जाऊ द्या आणि झाकण पूर्ण उघडलेल्या स्थितीत तिच्यात थोडी ढील राहते का ते पाहा. ताणलेली दिसली तर हिंजचं कव्हर लावू नका, आधी मार्ग सुधारा. वायफायच्या दोन अँटेना वायरीही शेजारूनच जातात, त्यांना हिंजखाली दाबू नका, नाहीतर पडदा ठीक होईल आणि वायफायची रेंज जाईल.

बेझल सगळ्यात शेवटी. आधी पॅनेल नुसतं टेकवून, बॅटरी जोडून, चालू करून झाकण ० ते १२० अंश दहा वेळा सावकाश हलवा, वरच्या कडेला मधोमध धरून. लुकलुक नसेल आणि उजवा कोपरा गप्प राहिला, तरच बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवून, नव्या चिकटपट्ट्या लावा.

रुंदपडदा

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी एपॉक्सी लावतो. केबलचे दोन्ही फोटो काढलेत, ४० पिना आहेत.

तांबडीतार

लॅपटॉपची सॅक १७.३ इंचीच घ्या, १५.६ च्या कप्प्यात कोंबू नका. आणि चार्जरची वीट पुढच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. झाकणाच्या पाठीवर ती टेकली की नुकत्याच उभारलेल्या खुंटांवर आणि पॅनेलवर, दोन्हींवर दाब येतो.