कमोडोर ६४: छोटी प्रतिकृती घ्यावी की पूर्ण आकाराची?

प्रश्न
शाळेत असताना कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या चार-दोन ओळी टंकण्याची संधी मला मिळाली होती, आणि आता बारा वर्षांच्या मुलीला तोच अनुभव द्यावा असे मनात आहे. २०१८ साली आलेली छोटी प्रतिकृती आणि २०१९ च्या अखेरीस आलेली पूर्ण आकाराची, या दोन्ही छायाचित्रांत सारख्याच दिसतात. फरक केवळ आकाराचा आहे का? की १९८२ चे मूळ यंत्रच शोधून दुरुस्त करून घ्यावे?

प्रतिसाद १
फरक आकाराचा नाही, कीबोर्डचा आहे. छोट्या प्रतिकृतीवरची बटणे एकाच साच्यातून काढलेली असून ती दाबली जातच नाहीत, ती केवळ शोभेची आहेत. यूएसबीने वेगळा कीबोर्ड जोडता येतो हे खरे, पण कमोडोरच्या बटणांच्या पुढच्या उभ्या बाजूवर जी चित्राक्षरे छापलेली असत, ती त्यावर कुठून येणार? मुलीला फक्त खेळ खेळायचे असते तर छोटी पुरली असती. प्रोग्राम लिहायचा असेल तर पूर्ण आकाराचीच घ्या. ती थेट बेसिकमध्ये सुरू होईल असेही ठरवता येते, म्हणजे चालू करताच निळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि ३८,९११ बाइट मोकळे असल्याची ती ओळ समोर येते. (चौसष्ट किलोबाइटपैकी बेसिकच्या वाट्याला तेवढेच येत, हे मुलीला समजावून सांगण्यातच एक संध्याकाळ छान जाईल.)

प्रतिसाद २
मूळ यंत्राविषयी सावध करतो. त्याच्या जुन्या वीजपुरवठ्यातील नियंत्रक बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त दाब जातो आणि मेमरीच्या चिप जळतात. माझे यंत्र असेच गेले, तेही सुरळीत चालू असताना. त्यामुळे मूळ यंत्र घेतलेच तर नवा वीजपुरवठा लावल्याखेरीज ते चालू करू नका.
मात्र प्रतिकृतीकडून काय मिळणार नाही हेही माहीत असावे. तिच्या आत जुन्या चिप नाहीत, आजचा प्रोसेसर त्यांची नक्कल करतो. जुन्या कॅसेट किंवा कार्ट्रिज तिला लावता येत नाहीत, सगळे यूएसबीवरून फाइलच्या रूपात द्यावे लागते. आवाजाचेही तसेच आहे. मूळ यंत्रात आवाज निर्माण करणाऱ्या ६५८१ सिड चिपमधील फिल्टर प्रत्येक नगात थोडा वेगळा वागत असे, त्यामुळे आपल्या आठवणीतला आवाज प्रतिकृतीत नेमका तसाच लागेल याची खात्री देता येत नाही.

प्रतिसाद ३
एक व्यावहारिक बाब. युरोपातील कमोडोर सेकंदाला ५० चित्रे दाखवत असे आणि अमेरिकेतील ६०. खेळ ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे सेटिंग ठेवले नाही तर सरकणारी दृश्ये अडखळतात किंवा वेग चुकतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ असल्यास तो लावा. जॉयस्टिक उशिरा ऐकते असे वाटले तर दोष बहुधा टीव्हीचा असतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. पूर्ण आकाराचीच घेण्याचे ठरवले आहे. फक्त मुलीने लिहिलेला प्रोग्राम जपून कसा ठेवायचा?

प्रतिसाद १
यूएसबी ड्राइव्हवर डी६४ प्रकारची फाइल ठेवली की प्रतिकृती तिलाच फ्लॉपी समजते. त्यानंतर सेव्ह, अवतरणचिन्हांत नाव आणि शेवटी स्वल्पविराम देऊन आठ, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचा क्रमांक. तो आठ विसरला तर यंत्र इमानेइतबारे टेपवरचे रेकॉर्ड आणि प्ले दाबायला सांगते, आणि मग मुलीला आधी कॅसेट म्हणजे काय ते सांगावे लागेल.