प्री-वर्कआउट घेतल्यावर छाती धडधडली, कॅफिन नक्की किती घ्यायचं?

लोखंडप्रेमी: माझं वजन ६० किलो, जिम सुरू करून आठ महिने झाले. ऑफिस करून सातला पोचते तोवर अंगात त्राणच उरत नाही म्हणून प्री-वर्कआउट पावडर चालू केली, एका स्कूपमध्ये २०० मिग्रॅ कॅफिन लिहिलंय. काल दीड स्कूप घेतला आणि त्याआधी दुपारी दोन मग ब्लॅक कॉफी झालीच होती. स्क्वॉटच्या दुसऱ्या सेटला छाती इतकी धडधडायला लागली की बार रॅकवर ठेवून खालीच बसले, हात थरथरत होते. रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. घाबरलेय खरंच. कुणी नीट सांगेल का?

पहाटवारा: आधी बेरीज बघ. दीड स्कूप म्हणजे ३००, आणि २४० मिलीच्या मगात साधारण ९५ धरले तरी दोन मगांचे १९०, झाले ४९०. निरोगी माणसाला दिवसभरात ४०० आणि एका वेळी २०० पर्यंत ठीक मानतात, तू दोन्हीच्या पुढे गेलीस. व्यायामासाठी किलोमागे ३ ते ६ मिग्रॅ असा हिशोब सांगतात, पण ६ म्हणजे तुझ्यासाठी ३६०, तिकडे जायची काहीच गरज नाही. बऱ्याच जणांना २ नेही फरक जाणवतो, म्हणजे १२० मिग्रॅ, अर्ध्या स्कूपपेक्षा जरासं जास्त. पाऊण-एक तास आधी घे, कारण रक्तात चढायला तेवढा वेळ लागतो, आणि स्कूप मापूनच घे, अंदाजाने नको. सुटी कॅफिन पावडर मिळते तिच्या तर वाटेलाही जाऊ नकोस, एका चमचात ३००० मिग्रॅच्या वर असतं, त्याने जीव गेलेत लोकांचे.

रात्रपाळी: मला झोपेचं जास्त वाटतं. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सातला २०० घेतलंस तर बारा वाजता अजून १०० अंगात फिरतंय. कॅफिन थकवा घालवत नाही, मेंदूला थकवा कळवणाऱ्या ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं फक्त. मग झोप नीट नाही, दुसऱ्या दिवशी जास्त थकवा, जास्त पावडर. मी वर्षभर हेच केलं, शेवटी संध्याकाळचं पूर्ण बंद केलं आणि जिमच्या तासभर आधी केळं खायला लागलो, पहिला आठवडा डोकं दुखलं पण नंतर जमलं.

औषधपेटी: एक विचारते, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? त्या चालू असतील तर कॅफिन शरीरातून जायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या काही अँटिबायोटिकनेही तसंच होतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्यांच्यासोबत घेतलं तर धडधड वाढते. आणि बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसूनही धडधड थांबली नाही तर घरी वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

लोखंडप्रेमी: हो ग, गोळ्या गेल्या महिन्यातच सुरू झाल्यात! आधी एक स्कूप आरामात पचायचा म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. काल बसल्यावर दहा मिनिटांत शांत झालं होतं, तरी उद्या डॉक्टरांना गोळ्या आणि डबा दोन्ही दाखवते. तोवर पावडर बंद, दुपारची कॉफी पण एकच.