चोवीस तास म्हणजे सवड नव्हे

काहीजण म्हणतात की मेंदूचा झटका (स्ट्रोक) आल्यावर रक्तवाहिनी बंद करणारी गुठळी आता चोवीस तासांपर्यंत काढता येते, त्यामुळे पूर्वीइतकी घाई उरली नाही. हा अर्थ जरा घातक आहे.

तो आकडा २०१८ च्या 'डॉन' या वैद्यकीय चाचणीतून आला. त्यात २०६ रुग्ण होते, पण निवडून घेतलेले: मोठी रक्तवाहिनी बंद, लक्षणं गंभीर, तरी स्कॅनमध्ये मेलेला भाग लहान. तीन महिन्यांनी गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांपैकी १३ टक्के. फरक थक्क करणारा आहे, पण ज्यांचा मेंदू तोवर तगला होता, त्यांच्यापुरता. बाकीच्यांचं काय? मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मर्यादा अजूनही साडेचार तासच. त्यातलं टेनेक्टेप्लेज हे औषध एकाच दमात टोचता येतं, अल्टेप्लेज या दुसऱ्या औषधासारखं तासभर सलाइन लावून बसावं लागत नाही.

आणि हो, झोपेत झटका आला तर घड्याळ जाग आल्यापासून नाही, शेवटचं ठणठणीत दिसल्यापासून धरतात. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि नातेवाईक नेमके इथेच अडखळतात.