मदत हवी आहे : ‘किती डेटा गेला तर चालेल’ या रकान्यात काय लिहू?

पिग्मीवाला
तातडीचं आहे. पतसंस्थेला ऑडिटरांनी एक फॉर्म दिलाय. आरटीओ म्हणजे बंद पडलेलं किती वेळात चालू करणार, तिथे चार तास टाकले. आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेलेला चालेल, तिथे अडलोय. चेअरमन म्हणतात, शून्य लिही, लोकांचे पैसे आहेत, डेटा जाऊन चालेलच कसा? शनिवारी द्यायचाय. शून्य लिहू ना? बॅकअप रोज होतो.

कोकणी_काजू
आरटीओ वाचून मला वाटलं गाडी पासिंगचा धागा आहे.

लॉगबुक
रोज म्हणजे किती वाजता? कशावर? डेटाबेस कोणता? शाखा किती?

पिग्मीवाला
दिवसअखेर झाली की, सहा-साडेसहाला. पेन ड्राइव्हवर. एसक्यूएल सर्व्हर, फुकटवालं. शाखा तीन. पण मला फक्त आकडा हवाय हो.

लॉगबुक
आकडा तुम्हीच सांगितलात. आज साडेपाचला डिस्क गेली तर काल संध्याकाळपासूनचं सगळं गेलं. म्हणजे तुमचा आरपीओ आत्ता २४ तास आहे, रकान्यात काहीही लिहा. शनिवारी पेन ड्राइव्ह लावायला विसरलात तर सोमवारी त्याहून जास्त.

क्लाउडकाका
२०२६ मध्ये पेन ड्राइव्ह? क्लाउडवर दुसरा सर्व्हर उभा करा, रेप्लिकेशन लावा, म्हणजे इथला प्रत्येक बदल लगेच तिकडेही होतो, आरपीओ शून्य. विषय संपला.

लॉगबुक
काका, इकडे कोणी चुकून टेबल उडवलं की रेप्लिकेशन तिकडेही इमानेइतबारे उडवतं. डेटाला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच. आणि शून्य हवा तर दुसरीकडे लिहून झाल्याशिवाय इथली नोंद पक्की करायची नाही. तालुक्याच्या इंटरनेटवर काउंटरसमोर रांग लागेल.

क्लाउडकाका
मोठ्या कंपन्या करतातच ना?

अर्धविराम
गिटलॅब घ्या, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७. इंजिनिअरने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, सुमारे ३०० जीबी. रोजचा बॅकअप बघायला गेले तर साठवायची जागा रिकामी. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी न जुळल्यामुळे तो होतच नव्हता आणि ते कळवणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. एकाने चाचणीसाठी सहा तास आधी हाताने प्रत घेतली होती, तीच कामी आली. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

नदीकाठ
आमच्या दुकानात ऑगस्ट २०१९ च्या पुरात कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच कपाटात बुडाली. तुमची पेन ड्राइव्ह रात्री कुठे असते?

पिग्मीवाला
ड्रॉवरमध्ये. त्याच खोलीत.

झटपट_टिप्स
पेन ड्राइव्हमधून उडालेले फोटो परत आणायचं चांगलं सॉफ्टवेअर आहे, व्यनि करा.

खतावणी
मी २९ वर्षं पतसंस्थेत काढली, म्हणून बोलते. हा प्रश्न सर्व्हरला विचारू नका, काउंटरला विचारा. ज्याची स्लिप आहे ते पुन्हा भरता येतं. आम्ही एकदा दीड दिवसाची कीर्द तिघांनी बसून रात्री साडेदहापर्यंत भरली, व्हाउचर समोर होती म्हणून. अडलो पिग्मीत. एजंटच्या मशीनमधून वसुली उचलली की मशीन कोरं. पावत्या खातेदारांच्या खिशात. दारोदार जाऊन पासबुकं गोळा करावी लागली, आणि एक आजी शेवटपर्यंत म्हणत होत्या की मी शंभर नाही, दोनशे दिले. तुमच्याकडे मशीन कधी कोरं होतं?

पिग्मीवाला
बाप रे. रोज सकाळी दहाला एजंट येतात, आदल्या दिवसाची वसुली चढवतात, तेव्हाच कोरं होतं. म्हणजे दहापासून साडेसहापर्यंत ती फक्त सर्व्हरवर असते.

कोकणी_काजू
अवांतर : पिग्मीला व्याज किती देता हल्ली?

लॉगबुक
खतावणीताईंनी नेमकं पकडलं. वसुली चढवली की लगेच एक बॅकअप घ्या, आजपासूनच, फुकट आहे. मग डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल बघा, म्हणजे बदलांची नोंदवही (लॉग) किती जपायची ते ठरवणारं सेटिंग. एक्सप्रेसमध्ये, म्हणजे तुमच्या फुकटवाल्यात, सहसा सिंपल असतं, त्यात लॉग बॅकअप घेताच येत नाही. फुल करा, लगेच एक पूर्ण बॅकअप घ्या, मग दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो (तुमचा पिग्मीचा नव्हे), तेव्हा विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावा. फुल करून लॉग बॅकअप विसरलात तर लॉग फुगून डिस्क भरेल. प्रत दुसऱ्या शाखेत जाऊ द्या.

क्लाउडकाका
किंवा क्लाउडवर.

लॉगबुक
किंवा क्लाउडवर. झालं समाधान?

पिग्मीवाला
चेअरमनना आजींची गोष्ट सांगितली, शून्याचा हट्ट सुटला. ‘सध्या २४ तास, बदल सुरू, लक्ष्य १५ मिनिटं’ असं लिहितोय.

अर्धविराम
त्या बॅकअपवरून रिस्टोअर शेवटचं कधी करून पाहिलंत?

पिग्मीवाला
सॉफ्टवेअरवाला म्हणतो केलं होतं. कधी ते त्याला आठवत नाही. उद्या जुन्या कॉम्प्युटरवर करून बघतो.

कोकणी_काजू
व्याजाचं राहिलंच.